विहीणबाईंचं आहेराचं शीट

एक काम दोनदा करणं पाप आहे, असं मानणारी बाई अख्ख्या सांगली जिल्ह्यात एकच, आणि ती नेमकी माझ्या लेकीची सासू व्हावी याबद्दल माझा देवावर अजून राग आहे. विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात तिनं जन्मभर तेच ते दाखले टाइप केले, आणि निवृत्त झाल्यावर त्याचा सूड ती आम्हा नातेवाइकांवर उगवते. ऑनलाइन शीट उघडायचं, त्याला मेसेजची जोडणी द्यायची, जोडणी अडेल तिथं स्वतः कोड लिहायचा. "आवं विहीणबाई, एकदा लिवलं की हात लावायचा न्हाई. फुडचं त्येचं त्ये करतंय." काय करतंय? तिनं पाठवलेलं लोणचं ढवळा म्हणून साताऱ्यात मला सकाळी सहाला मेसेज! नातवाच्या वाढदिवसाला मी फोन करायच्या आत माझ्या शुभेच्छा त्याला पोचलेल्या, खाली "तुझी साताऱ्याची आजी" अशी सही. अहो, ती आजी मी आहे ना!

परवा मात्र हद्द झाली. आहेरात आलेली साडी पुढच्या आहेरात सरकवायची, ही आपली जुनी रीत. फिरून देणारीच्याच घरी जाऊ नये, एवढं सांभाळायचं. त्यासाठी विहिणीनं शीट केलं: साडी, कोणी दिली, कोणाला दिली. शेवटच्या रकान्यात नाव भरलं की घेणारीला गोड निरोप जावा, असा कोड. कोडात रकाना चुकला आणि जुन्या-नव्या सगळ्या साड्यांचे निरोप गेले देणाऱ्याच बायकांना. "अंजिरी साडी म्हसवडच्या मामींना प्रेमपूर्वक दिली. नेसावी, ही विनंती." एका सकाळी चाळीस बायका पेटल्या. विट्याच्या आत्याबाई फोनवर किंचाळल्या, "निदान घडी तरी मोडायची हुतीस गं!"

मला असे चार निरोप आले. मी तिला साड्या दिल्या होत्या पाच. पाचवी हिरवी इरकल, माझ्या बहिणीनं माझ्यासाठी हौसेनं आणलेली. तेव्हा मी पंचेचाळिशीची, केसात गॉगल खोचून भाजी आणणारी महाराणी. असलं गावंढळ लुगडं कोण नेसणार, म्हणून लेकीच्या लग्नात ते विहिणीच्या मानपानात ढकललं. बहीण आता नाही, आणि तिच्या हातचं म्हणून माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही. ती साडी कुणाच्या अंगावर गेली का कुणाच्या गोधडीत, हे कळलंच पाहिजे म्हणून मी तणतणत एसटी पकडली.

दारातच सुरू केलं. "तुम्ही बाई आहात का दवंडीवाला? जिल्ह्यात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीत!"

"रकाना चुकला हुता. केलाय सरळ. पानी घ्या."

"पाणी गेलं खड्ड्यात. माझी हिरवी कुठाय?"

तिनं शीट पुढं केलं. हिरव्या इरकलीच्या ओळीत शेवटचा रकाना कोरा होता, म्हणून निरोप नाही. मग कपाटातून साडी आणली. पहिलीच घडी. "मांडवातच वळखली तुमच्या बहिणीनं. लय हसल्या. म्हनल्या, ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. तिला कवा आठवण झाली तर द्या."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं न्हाई."

भांडायला आलेली मी, साडी मांडीवर घेऊन बसले. "घ्या, नाव तुमीच भरा," ती म्हणाली. मी एका बोटानं कोऱ्या रकान्यात माझं नाव भरलं, आणि पिशवीत माझा फोन वाजला. रकाना सरळ झालाय की नाही, हे त्यावरून काही कळेना. देणारीही मी, घेणारीही मी.

विहिणीनं शीटाकडं पाहिलं. 'कोणी दिली' खालचं माझं नाव तिनं खोडलं आणि तिथं एकेक अक्षर जपून बहिणीचं नाव घातलं. एक काम दोनदा न करणारी बाई ती. पण ती ओळ तिनं दुसऱ्यांदा लिहिली.