ईदेचं तेल

ईदेच्या दिवशी मेहकरातली मुसलमान मंडळी नवे कपडे घालून एकमेकांच्या घरी निघत, आणि आमचे मुनीरचाचा नवे कपडे उतरवून फटफटीखाली शिरत. नमाज आटोपला, ईदगाहवर चार जणांची गळाभेट झाली, की तडक घरी यायचं, शेरवानी खुंटीला अडकवायची, गुडघ्यावर विरलेला पायजमा चढवायचा आणि अंगणात गोणपाट अंथरून आडवं व्हायचं, हा त्यांचा शिरस्ता. कोणी कारण विचारलं तर उत्तर तयार असे. "आपल्याले नवे कपडे, तं तिले नवं तेल. तिची बी ईद आहे."

ती म्हणजे त्यांची विलायती फटफटी. चाचा सडकेच्या खात्यात ओव्हरसियर होते. मेहकराहून खामगावकडे आणि चिखलीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर खडी पसरण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. एक गोरा साहेब मायदेशी परतताना आपली गाडी विकून गेला, ती चाचांनी घेतली. खडीच्या ढिगावर उभे राहून ते हाक मारत तेव्हा पलीकडच्या शेतातले बैलसुद्धा थांबत, असं त्यांच्या हाताखालचे मजूर सांगायचे. मी शेजारी राहायला आलो तोवर ते पेन्शनीत निघाले होते. बायको पूर्वीच वारली होती, मुलगी निजामाच्या मुलखात दिलेली, तीन-चार वर्षांतून एकदा यायची. हाक मारावी असं घरात कोणी उरलं नव्हतं.

मी वाईकडचा. मेहकरच्या शाळेत मास्तरकी मिळाली म्हणून इतक्या लांब आलेलो. चाचांच्या अंगणाला लागून माझी भाड्याची खोली होती, मध्ये छातीएवढी भिंत. मी गेलो त्या वर्षी ईदेला शाळेला सुट्टी होती आणि मला करायला काही नव्हतं. परक्या गावात दुसऱ्यांचा सण असला की सुट्टी अंगावर येते. तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली, "मास्तर, हात खाली असन तं जरा इकडे लागते का?"

इंजिनाच्या पोटाखाली तेल काढायचं बूच असतं, ते घट्ट बसलं होतं. काही केल्या सुटत नव्हतं. चाचांनी पाना माझ्या हातात दिला. मी गोणपाटावर आडवं व्हायला कचरलो, सीटवरून वाकलो आणि अंदाजाने पाना डावीकडे जोर लावून ओढला. बूच हललं. मी विजयी वीरासारखं वर पाहिलं. पण बुचाचं तोंड खाली जमिनीकडे, तेव्हा वरून पाहणाऱ्याचं डावं ते त्याचं उजवं, हे आम्हा विद्वानांच्या ध्यानात आलं नाही. मी ते आणखी आवळून ठेवलं होतं. दुसरा कोणी असता तर वैतागला असता. चाचा गालातल्या गालात हसले. "आता दुपार जाते याच्यात," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात तक्रार मुळीच नव्हती.

मग त्यांची पद्धत सुरू झाली. बुचाभोवती घासलेटाची चिंधी गुंडाळायची, लाकडी हातोडीने चहूबाजूंनी हलकं हलकं ठोकायचं आणि थांबायचं. मी पाना उचलला की ते माझा हात धरत. "भिनू द्या, मास्तर. घाई केली का त्याचे कोन मरतात. मंग कोणाच्याच बापाले निघत नाई." घासलेट भिनेपर्यंत आम्ही बाजेवर बसायचो. चाचा सडकांच्या गोष्टी सांगायचे. पैनगंगेच्या पुरात वाहून गेलेली मोरी, खडीत माती मिसळणारा ठेकेदार आणि त्याला भर रस्त्यात दिलेल्या शिव्या, सगळं तपशीलवार. मग पुन्हा चिंधी, पुन्हा ठोकणं, पुन्हा बाज. ऊन कलल्यावर बूच एकदाचं कर्र करून सुटलं, काळं तेल घमेल्यात उतरलं आणि चाचा म्हणाले, "बरं झालं तुमी आले. एकट्याचं काम नोहतं."

त्या दुपारी मी आणखी एक गोष्ट पाहिली. गल्लीतल्या घराघरांतून त्यांच्याकडे शीरखुर्म्याच्या वाट्या येत होत्या, विणलेल्या रुमालाखाली झाकलेल्या. पोरं वाटी ठेवायची, सलाम करायची आणि पळायची. ओट्यावर वाट्यांची रांग लागली होती आणि खाणारा माणूस एक. माझ्यासाठी चाचांनी एका हिंदू हॉटेलातून चहा मागवला होता, मास्तराचा धर्म बिघडू नये म्हणून. मी त्यातली एक वाटी उचलली आणि खाऊ लागलो. ते माझ्याकडे नुसते पाहत राहिले, मग घाईघाईने म्हणाले, "दुसरी घ्या. तिच्यात चारोळी जास्त आहे."

रोहिणखेडला त्यांच्या भावाचं भरलं घर होतं. सणाला तिकडे का जात नाही, असं मी एकदा विचारलं. "जात होतो," ते म्हणाले. "त्याहिच्या घरात नातवंडं अंगाखांद्यावर खेळतात. रात्री इथं येऊन कुलूप काढलं का घर दुप्पट खाली वाटते." गावातल्या लोकांच्या घरी जायचं किंवा कोणाला घरी बोलवायचं, तर तेही त्यांना पटत नसे. त्यांचा एक कायदाच होता. "काम असन तं माणूस येते. काम नसन तं काऊन यीन? अन् बिनकामाचं बोलावणं म्हणजे भीक मांगणं." हे सांगताना ते अगदी सरकारी हुकूम वाचल्यासारखे ताठ बसायचे.

बुचाचं मात्र मला नवल वाटू लागलं. दर ईदेला ते अडकायचंच. रमजान ईद असो, बकरी ईद असो, नमाजानंतर भिंतीवरून हाक यायची आणि आमची दुपार घासलेटात जायची. पुढे लढाई सुरू झाली, पेट्रोल परवान्यावर गेलं, सर्व्हिसच्या मोटारी कोळशावर धावू लागल्या आणि चाचांची फटफटी ओसरीतच उभी राहिली. मैलभरसुद्धा चालत नव्हती. तरी ईदेला तेल काढणं चुकलं नाही. निघायचं ते तेल गेल्या खेपेइतकंच स्वच्छ. चाचा ते मलमलीतून गाळत आणि तेच परत ओतत. "चाचा, ही तर नुसती आंघोळ झाली," असं मी चिडवलं. ते म्हणाले, "आंघोळ बी लागतेच का नाई सणाले?"

त्याचा उलगडा एका रमजानच्या शेवटी झाला. चंद्र दिसतो का ते पाहायला सगळा मोहल्ला घरांच्या धाब्यांवर चढला होता. मीही आमच्या धाब्यावर गेलो. माणसं पश्चिमेकडे बोटं दाखवत होती, कोणाला दिसला, कोणाला नाही म्हणून वाद चालले होते. माझी नजर सहज खाली गेली. चाचा अंगणात एकटेच होते. फटफटीखाली पाना लावलेला, पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवलेली, आणि म्हातारा एक पाय भिंतीला टेकवून, सगळं अंग झोकून, ती नळी ओढत होता. उद्या सुटू नये म्हणून आवळत होता. तेवढ्यात चंद्र दिसला, सगळीकडून गलका उठला. चाचांनी नळी काढून घेतली, कपाळ पुसलं आणि मग आकाशाकडे पाहिलं.

मी खाली येऊन खोलीत बसलो. मला रडू आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मीही त्या गावात एकटाच होतो. पण माझी आई होती, सुट्टीत जायला घर होतं. या माणसाला वर्षातल्या दोन दुपारींच्या सोबतीसाठी लोखंडाला अडकवून ठेवावं लागत होतं. दुसऱ्या दिवशी हाक आली तेव्हा मी नेहमीसारखा गेलो आणि काही बोललो नाही. फक्त पाना ओढताना जोर जरा कमी लावू लागलो. त्या ईदेला बूच सुटायला दिवेलागण झाली, आणि चाचा फार खुशीत होते.

अशी किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही. मग वाईच्या शाळेत मला जागा मिळाली. ईद जवळ आली होती आणि ईदेच्या दुसऱ्या दिवशी मी निघणार होतो. चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, "चांगलं झालं. आईजवळ राहाल." मग बराच वेळ फटफटीच्या टाकीवरून फडकं फिरवत राहिले.

ईदेच्या सकाळी मी जुना सदरा घालून तयार बसलो. नमाज सुटल्याची गडबड ऐकू आली. लोक परतले, वाट्या घेऊन पोरं धावू लागली. भिंतीवरून हाक मात्र आली नाही. मी ट्रंक भरली, पुन्हा उपसली, पुन्हा भरली. जेवणवेळ टळली. हाक नाही. शेवटी मीच त्यांच्या दारातून आत गेलो.

चाचा बाजेवर बसले होते, अंगात शेरवानी तशीच. गोणपाट अंथरलेलं नव्हतं. पाना कुठे दिसत नव्हता.

"काय चाचा, आज तेल नाही काढायचं? बूच अडकलं नाही वाटतं?"

"अडकत नसते ते, मास्तर. मी आवळतो."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "तुमाले मालूम होतं," ते म्हणाले.

"हो."

"मंग काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर पुढच्या ईदेला तुम्ही बोलावलं असतं का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग खाली पाहत म्हणाले, "या टायमाले नाई आवळलं. काल पाना घेतला होता हातात. म्हटलं, तुमी तं जाऊन राह्यले. पुढच्या ईदेले कोण सोडवीन?"

मी उभाच होतो. बसा म्हणायला ते तोंड उघडत आणि पुन्हा मिटत. ठेकेदारांना भर रस्त्यात शिव्या हासडणारा माणूस, पण हा एक शब्द त्याच्या घशातून निघत नव्हता. शेरवानीचं वरचं बटण त्यांनी काढलं, परत लावलं. शेवटी बाजेवर हात ठेवून त्यांनी मला जागा करून दिली.

"काम काई नाई," ते म्हणाले. "पण बसा."

मी बसलो. सुरुवातीला आम्हाला दोघांनाही हातांचं काय करावं ते कळेना. सडकांच्या गोष्टी त्या दिवशी निघाल्याच नाहीत. बऱ्याच वेळाने ते आपल्या बायकोबद्दल बोलू लागले. तिचं नाव जुलेखा होतं, हे इतक्या वर्षांत मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिला फटफटीची भीती वाटायची, पण फटफट लांबून ऐकू आली की ती चुलीवर तवा ठेवायची. चाचा दारात येईपर्यंत पहिली भाकर टाकलेली असायची. हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

अंधार पडू लागला तेव्हा मी उठलो. त्या दिवसानंतर आमची गाठ पडली नाही; चाचा गेल्याचं मला पुढे वाईला कळलं, तेही फार उशिरा. चाचा मला दारापर्यंत पोचवायला आले. दर वेळी ते म्हणत, बरं झालं तुमी आले, एकट्याचं काम नोहतं. त्या संध्याकाळी त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि सोडायला त्यांना वेळ लागला.

"काम नोहतं," ते म्हणाले, "तरी तुमी दुपारभर बसले."