सासूबाईंनी फिरवलेलं चाक

लग्न होऊन मी मुलुंडला आले, तेव्हा माहेरचं हाताने चालवायचं शिलाई मशीन बरोबर आणलं होतं. त्यावर मी जुन्या साड्यांच्या षटकोनी तुकड्यांची गोधडी शिवायला घेतली. दोन तुकडे सहज जोडले जायचे, पण त्यांच्या बेचक्यात तिसरा बसवताना कापड दोन्ही हातांनी धरावं लागे, आणि माझा एक हात तर चाकावर. कोपऱ्याकोपऱ्याला चुण्या पडायच्या.

शेवटी सासूबाई शेजारी येऊन बसल्या. "चाक मी फिरवते, तू कापड सांभाळ."

मग दुपारभर माझं सुरू झालं. "फिरवा! हळू! थांबा, थांबा!" कोपऱ्यावर सुई नेमकी थांबायला हवी, म्हणून माझा आवाज चढत गेला. तो ऐकून शेजारच्या काकी दारात आल्या.

"काय गं, सासूला हुकूम सोडतेस?"

मी ओशाळले. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "ओरडू दे हो तिला. चाक माझ्याच हातात आहे ना!"

काकी खो खो हसल्या आणि कात्री घेऊन आमच्यातच बसल्या.

गोधडीची एक कड वाकडी झाली. तरीही सासूबाईंनी ती भर मे महिन्यात स्वतः पांघरली, आणि घामाघूम झाल्या तरी कुणाला दिली नाही.