लेकीचा चार्ज

बोटीवर चार्ज घेण्याची एक रीत असते. घरी निघालेला इंजिनिअर त्याच्या जागी येणाऱ्याला चार पानं लिहून देतो: कुठला पंप गळतो, कुठला गेज खोटं बोलतो, कुठल्या मशीनला उगाच हात लावलात तर पस्तावाल. त्याला आम्ही हँडिंग ओव्हर नोट्स म्हणतो. मी वीस वर्षं समुद्रावर काढली आणि या नोट्सवर माझा जेवढा विश्वास आहे तेवढा माणसांवर नाही.

बापपणही मी तसंच केलं. बायकोची आयटीतली नोकरी सिंगापूरला, म्हणून बिऱ्हाड इथे, वुडलँड्सला, अकराव्या मजल्यावर. मी सहा-सहा महिने बोटीवर. परत आलो की चांगी विमानतळावरून घरी येताना टॅक्सीतच बायको मला मुलीचा चार्ज द्यायची. "आता दात आलेत, चावते." "आता अंधाराला घाबरत नाही, कुकरच्या शिट्टीला घाबरते." मी गंभीरपणे मान डोलवायचो. पण छोट्या बाईसाहेब दर खेपेला नवीनच निघायच्या. रांगती सोडून गेलो, आलो तर धावत होती, आणि धावत होती ती माझ्यापासून लांब. हत्ती आवडतो म्हणून ब्राझीलहून उशीएवढा कापडी हत्ती आणला, तर घरात डायनोसॉर सुरू झाले होते. पुढच्या खेपेला डायनोसॉर आणला. तो तिने शेजारच्या बाळाला देऊन टाकला, माझ्यादेखत. बापाला जुनी खबर देणाऱ्या बायकोवर मी चिडायचो. बायको म्हणायची, "अरे, खबर जुनी नाही, तू उशिरा येतोस."

मुलगी तेरा वर्षांची झाली तेव्हा मी समुद्र सोडला आणि इथल्याच एका ऑफिसात खुर्ची धरली. रोज संध्याकाळी घरी. वाटलं, आता तरी मुलगी मला ताजी मिळेल. मुलगी मिळाली नाही, तिच्या खोलीचं दार मिळालं.

आणि अशात सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. बायको तीन आठवडे पुण्याला जायची होती. मी लगेच म्हटलं, "लेखी चार्ज दे." तिने डोक्याला हात लावला, पण दिला. दोन पानं. ती मी फ्रिजवर मॅग्नेटने लावली.

"सकाळी शाळेला निघेपर्यंत बोलू नये. 'ओके' म्हणाली तर ठीक आहे. 'फाइन' म्हणाली तर ठीक नाही, पण विचारू नये. दार वाजवल्यावर तीन आकडे मोजून मगच उघडावं. भेंडी आवडते." असं बरंच काही. शेवटची ओळ होती: "काही झालं तर ती मला फोन करेल, मग मी तुला करीन."

ही ओळ मी तीनदा वाचली. म्हणजे मुलीला काही झालं तर बातमी वुडलँड्सहून पुण्याला जाणार आणि पुण्याहून परत वुडलँड्सला, शेजारच्या खोलीत, येणार. मला लागलं ते. फार लागलं. बोटीवर पंचवीस माणसं अडचणीत पहिली हाक मला मारायची, आणि इथे माझी एकुलती एक मुलगी मला वळसा घालून जाणार. मी ठरवलं, या तीन आठवड्यांत एकदा तरी, एकदाच, तिने थेट मला हाक मारली पाहिजे.

त्यासाठी मी नोट्स तंतोतंत पाळल्या. तीनपर्यंत मोजायचो तेही मोठ्याने. तिसऱ्या दिवशी भेंडी केली. तिने ताट बाजूला सारलं. मी तिला फ्रिजकडे नेलं. "हे बघ. लिहिलंय."

"बाबा, दॅट वॉज लास्ट मंथ, लाह," ती इथल्या पोरांच्या हेलात म्हणाली.

पाव किलो भेंडी मी दोन दिवस एकट्याने खाल्ली. पहिला आठवडा तिच्या 'फाइन'मध्ये गेला. विचारू नये असं लिहिलं होतं, म्हणून मी विचारलं नाही. नुसता दारापुढून चकरा मारत राहिलो, इंजिनरूमचा राउंड घ्यावा तसा. आतून आवाज आला, "बाबा, आय कॅन सी युअर शॅडो."

दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, मी मीटिंगमध्ये असताना फोन वाजला. पडद्यावर तिचं नाव. मला वाटलं चुकून लागला.

"बाबा, येशील? मी सेरंगूनच्या मॉलमध्ये आहे. खाली, फूड कोर्टमध्ये."

मी मीटिंगमध्ये काय सांगितलं ते मला आठवत नाही. टॅक्सी केली. पोचलो तर ती एका कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेली, समोर रंगीत कागदात बांधलेला खोका, आणि डोळे लाल.

मी सुरू झालो. "पडलीस?" "नो." "ताप?" "नो." "फोन हरवला?" फोन तिच्या हातात होता. "पोट?"

"बाबा, मी मशीन नाहीये. बस ना."

बसलो. हळूहळू कळलं. जिवलग मैत्रिणीचा वाढदिवस जवळ आला होता. मैत्रिणीने हिला सांगितलं होतं, आज ट्यूशन आहे. म्हणून ही एकटीच तिच्यासाठी भेट घ्यायला आली. सरकत्या जिन्यावरून खोका घेऊन ही खाली येत होती आणि समोरच्या जिन्यावरून ती मैत्रीण दुसऱ्या दोघींबरोबर हसत वर चालली होती. बरोबर मध्यावर चौघींची नजरानजर झाली. जिना काही थांबला नाही.

यावर दोन्ही पानांत अक्षर नव्हतं. काही सुचेना, म्हणून मी तोंडाला येईल ते सांगितलं. मी आणि आमचा इलेक्ट्रिकल ऑफिसर चार महिने एकमेकांशी बोललो नव्हतो, कारण त्याने माझ्या आईच्या हातचं लिंबाचं लोणचं संपवलं होतं. तो दोन हातांच्या अंतरावर उभा असायचा आणि मी तिसऱ्याला सांगायचो, "साहेबांना विचार, जनरेटर कधी चालू करणार?"

"चार महिने? जेवायचात कुठे?"

"एकाच टेबलावर."

"मग?"

"एकदा पाइप फुटला. दोघंही नखशिखान्त भिजलो. तो म्हणाला, पाना दे. मी दिला."

"सॉरी कोण म्हणालं?"

"कोणीच नाही."

"बाबा, दॅट्स सो टॉक्सिक," असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता रडली. मी उठून समोरच्या स्टॉलवरून नूडल्स आणले आणि तिच्यापुढे सरकवले. ते तिने सगळे खाल्ले.

निघताना मी न राहवून विचारलंच, "आईला का नाही केलास फोन?"

"आई लगेच सांगते काय करायचं ते," ती म्हणाली. "तुला काही माहीतच नसतं. सो, ईझी." मग खोका काखेत मारत, "आईला सांगू नकोस हं."

तेरा वर्षं ज्या अडाणीपणाची मला लाज वाटत आली, त्याच्या जोरावर मला नोकरी लागली होती.

बायको परत आली तेव्हा आम्ही दोघं तिला घ्यायला चांगीला गेलो. टॅक्सीत बसल्या बसल्या तिने हात पुढे केला. "चल, चार्ज दे."

तोवर मी आयुष्यात कधी अर्धवट चार्ज दिलेला नव्हता. कागद तिच्या हातात ठेवला. "भेंडी बंद. तीनऐवजी पाचपर्यंत मोजावं, मनात. बाकी सगळं नॉर्मल."

"बाकी म्हणजे काय?"

"बाकी म्हणजे बाकी."

"तीन आठवड्यांत हिने मला एकदाही काही सांगायला फोन केला नाही," ती म्हणाली. "काय गं, काही झालं नाही?"

"फाइन, आई," मुलगी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

बायकोने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो चेहरा माझ्या चांगल्या ओळखीचा होता. याच रस्त्यावर, अशाच टॅक्सीत तो तेरा वर्षं माझा होता. मला तिची फार दया आली, आणि खोटं कशाला बोलू, भयंकर आनंदही झाला.