आधी रॅम की कार्ड?

गेम अडकतो म्हणून मी कॉम्प्युटरवाल्याकडं सीपीयूऐवजी मॉनिटरच उचलून नेला. लेक परवा पुण्याला परतणार होती, त्याआधी तिच्याशी एकदा खेळायचं होतं. हा दुकानदार मात्र कशालाच नाही म्हणत नाही.

"आधी रॅम घेऊ?"

"व्हय, घ्या की."

"का ग्राफिक्स कार्ड?"

"ते बी लई चांगलं, मामा."

"अहो, पैसे एकापुरतेच आहेत, नि लेक परवा जाणार!"

त्यानं शांतपणे चष्मा पुसला. "मग तुळजापूरला कौल देणाऱ्या चिंतामणीच्या दगडावर हात ठेवा. दगड उजवीकडं फिरला तर रॅम, डावीकडं तर कार्ड."

मी चिडून उठलो, तसं त्यानं स्वतःच्याच मशीनमधलं कार्ड काढून हातात दिलं. "ताई जाईस्तोवर वापरा."

लेकीनं घरी ते बसवलं, गेम पळाला. मग तिनं मला धू धू धुतलं.

बायको म्हणाली, "मशीन सुधारली. आता तुमचं आधी काय बदलायचं, तेवढं विचारून या."