कोपरा फाटलेलं पाकीट

सुधाकर, मी निघाले त्या दिवशी अण्णा नाशिकरोडच्या फलाटावर कामाच्या कपड्यांतच आले होते. छापखान्यातून तासाभराची सुट्टी मिळाली होती, त्यातला निम्मा वेळ गेटवरच्या झडतीत गेला. देशभराची टपाल तिकिटं छापतात तिथून माणूस सहजासहजी बाहेर पडत नाही. आई रडत होती, तू माझ्या ट्रंकेवर बसून होतास. अण्णा खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "पत्र टाकत जा. अन् तिकीट सरळ लाव गं पोरी. वाकडं लावलं का लय वंगाळ दिसतं." मुलगी नर्स होऊन विलायतेला चाललीय आणि हा माणूस तिकिटाचं बोलतोय, म्हणून मला रागच आला होता. जन्मभर तिकिटांचे ताव तपासलेला माणूस दुसरं काय बोलणार, हे तेव्हा सुचलं नाही.

अण्णा गेल्याचं तुझं पत्र आलं, त्याला मी फार उशिरा उत्तर दिलं. तू ते मनात धरलंस, आणि मी टपालावर ढकललं. खरं काय झालं ते आज लिहिते.

लिव्हरपूलजवळच्या आमच्या हॉस्पिटलात रॉन नावाचा म्हातारा पोर्टर होता, पेशंटांच्या गाड्या ढकलणारा. नर्सेसच्या होस्टेलची डाक तोच वाटायचा. त्याला तिकिटं जमवायचा नाद. मी म्हटलं, माझ्या पत्रांवरची घे खुशाल, माझ्या वडिलांच्या छापखान्यातलीच आहेत. तर पठ्ठ्याने पुढचं पाकीट तिकिटाचा कोपरा टरकावूनच माझ्या हातात ठेवलं. मी भर व्हरांड्यात किंचाळले. आपल्याकडे कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे मयताचं, हे त्या गोऱ्याला कुठून कळणार? समजावून सांगितल्यावर बिचारा ओशाळला. तेव्हापासून कात्रीने नीट चौकोन कापून घ्यायचा. तरी घाईत कधीमधी फाडायचाच, आणि हळूहळू मला त्याची सवय झाली. घात तिथेच झाला.

मग तो अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीचा हिवाळा आला. अख्खा देश संपावर. ट्रकवाले, कचरेवाले, शाळांचे शिपाई आणि आमचे पोर्टरसुद्धा. चौकाचौकात कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचे ढीग, वर बर्फ. धुतलेल्या चादरी येईनात. आम्ही नर्सेस दोन-दोन शिफ्ट करून, जेवणाच्या ट्रॉल्याही स्वतःच ढकलत होतो. रॉन गेटबाहेर शेकोटीशी फलक धरून उभा असायचा. मी आत जाताना मान खाली घालायचा आणि म्हणायचा, "तुझ्यावर राग नाही, लव्ह. पगारात भागत नाही." इथे आपल्या 'बाई'सारखं सगळ्यांनाच लव्ह म्हणतात.

त्या गडबडीत टेबलावरच्या ढिगातून मी तुझं पाकीट उचललं. कोपरा फाटलेला दिसला. म्हटलं, संपावर असला तरी रॉनने जाता-येता हात मारला वाटतं. दुमडून एप्रनच्या खिशात टाकलं. निवांत वाचू म्हटलं. तीन दिवस ते खिशात होतं, सुधाकर. तीन दिवस मी हसत होते, पेशंटांची थट्टा करत होते.

चौथ्या दिवशी सकाळी रॉनने गेटवर हाक मारली. "या आठवड्यात घरचं पत्र नाही का, लव्ह? मी तर दहा दिवसांत आत पाऊलसुद्धा टाकलेलं नाही."

मी खिशातून पाकीट काढलं. तिकीट जागच्या जागी होतं, अगदी सरळ. फाटलेला होता तो खालचा, दुसराच कोपरा.

रॉनने फलक टाकून मला धरलं. पत्र तिथेच शेकोटीशी उभ्याने वाचलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं, तू पत्र लिहिलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्यानुमोदनाचा विधी होता, सगळे नातेवाईक जमणार होते, असं तू लिहिलं होतंस. मी वाचलं तेव्हा त्यालाही पंधरा दिवस उलटून गेले होते.

त्याच आठवड्यात लिव्हरपुलात कबरी खोदणारेही संपावर होते. आमच्या वॉर्डातली एक आजी वारली होती, तिची मुलगी रोज येऊन चिडायची, आईला अजून माती मिळाली नाही म्हणून. मला तिचा हेवा वाटला. असा संप आपल्याकडे का झाला नाही, अण्णा माझ्यासाठी का थांबले नाहीत, असं मनात आलं. लाज वाटते, पण आलं.

संप मिटले. मे महिन्यात इथे बाई पंतप्रधान झाली. रॉन म्हणाला, आता आमचं काही खरं नाही. पुढे काही वर्षांनी पोर्टरांची कामं ठेकेदाराकडे गेली आणि रॉनला घरी बसवलं. शेवटच्या दिवशी त्याने बिस्किटाचा एक डबा माझ्या हातात दिला. माझ्या पत्रांवरची सगळी तिकिटं त्यात होती, वर्षांप्रमाणे लावलेली. "ही तुझ्या वडिलांची आहेत," म्हणाला.

तू दरवेळी विचारतोस, घरी कधी येतेस. आपण वाढलो ती देवळालीची खोली तू विकलीस, आई तुझ्याकडे असते, तेव्हा घर म्हणजे नक्की कुठे यायचं ते मला कळत नाही. सुट्टीच्या दिवशी मी डबा उघडते, तिकिटं टेबलावर मांडते. यातल्या एखाद्या तिकिटाचा ताव अण्णांच्या नजरेखालून गेला असेल. मी त्यांच्या हातचं तेवढंच कापून देत राहिले आणि बाकीचं पत्र जपून ठेवलं. ते तीन दिवस तू मला माफ करशील का, माहीत नाही.

या पाकिटाचे चारही कोपरे धड आहेत, नीट बघून घे. तिकीट इथल्या राणीचं आहे, पण सरळ लावलंय.