वाघमारे मॅडमची सही

वाघमारे मॅडम आम्हाला 'अहो' म्हणत. आम्ही अठरा-एकोणीस वर्षांच्या, बहुतेक जणी गावाकडून आलेल्या, नर्सिंगचा गणवेश पहिल्यांदा अंगावर चढवलेल्या. आणि पंचावन्नच्या घरातल्या या ट्यूटर "अहो इंगळे, जरा इकडे या" अशी हाक मारायच्या. पहिले काही दिवस वाटलं, ही टोमणा मारायची पुणेरी तऱ्हा असावी. शेवटी एकीनं धीर करून विचारलंच. मॅडम म्हणाल्या, "वॉर्डात तुम्हाला सगळे 'ए सिस्टर' म्हणणार आहेत. निदान इथे तरी मानाची सवय होऊ द्या. म्हणजे तिकडे तो मिळाला नाही की कळेल."

आमचं कॉलेज सदाशिव पेठेत होतं, लहानशा रुग्णालयाला जोडलेलं. मॅडम विश्रांतवाडीहून स्कूटरवर येत. वडील खडकीच्या कारखान्यात कामगार. घरातून शिकून नर्स झालेल्या त्या पहिल्या. बोलणं मोजकं, आवाज कधी चढत नसे. खाटेजवळ उभं राहून कुणी मोबाइल पाहिला, तर त्या पेशंटलाच शांतपणे सांगत, "ताई, यांचं महत्त्वाचं काम चालू आहे, तेवढं होऊ द्या." ती मुलगी पुन्हा मोबाइल वॉर्डात आणत नसे.

आम्ही तिसऱ्या वर्षाला असताना कॉलेजात मोठी लॅब झाली. श्वास घेणारा, नाडी लागणारा, बटण दाबलं की कण्हणारा पुतळा आला. मुलींनी त्याचं नाव 'भावजी' ठेवलं. जुन्या ट्यूटर त्याच्या जवळ जायला बिचकायच्या. वाघमारे मॅडमनी मात्र तो चालवायला सगळ्यांआधी शिकून घेतलं. "तुमच्या चुका यांच्यावर होऊ द्या," त्या म्हणायच्या, "मला असे भावजी मिळाले असते, तर काही लोकांचे हात सुजायचे वाचले असते." पुढचं शिक्षण असंच असणार, हे त्या आनंदानं सांगत.

पण हळूहळू आमचं वॉर्डात जाणं कमी झालं. रुग्णालयात पेशंट थोडे, मुली जास्त, आणि लॅब हाताशी. त्यामुळे सगळंच भावजींवर उरकायला लागलं. शेवटच्या वर्षी प्रत्येकीकडे एक वही असते. कोणतं काम कितीदा माणसावर केलं ते तिच्यात लिहायचं आणि ट्यूटरनं सही करायची. त्या सह्यांशिवाय परीक्षा नाही, परीक्षेशिवाय नोंदणी नाही, आणि नोंदणीशिवाय नोकरी नाही. तपासणीची समिती आठ दिवसांवर आली, तेव्हा प्राचार्यांनी बत्तीस वह्या मॅडमच्या टेबलावर ठेवल्या आणि भरून टाका म्हणून सांगितलं. मॅडमनी त्या चाळल्या आणि तशाच परत केल्या. जे झालेलं नाही त्यावर सही करणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

आमचा संताप झाला. चूक कॉलेजची, शिक्षा आम्हाला. माझे बाबा वाशीमहून पोट भरायला भोसरीला आलेले. मी कमवायला लागेन या आशेवर घर थांबलेलं. एका इस्पितळानं मला तोंडी होकारही दिला होता. रविवारी मी तडक मॅडमच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून मी सगळं बोलून टाकलं, थोडी रडलेही. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी कपाटातून रक्तदाब मोजायचं जुनं, तबकडीचं यंत्र काढलं आणि बाही वर केली.

"घ्या माझा बीपी."

मी पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, स्टेथोस्कोप कानाला लावला. काहीतरी धपधप ऐकू आलं, पण ते त्यांच्या हाताचं की माझ्या छातीचं, ते कळेना. वॉर्डात आम्ही बटणाचं यंत्र वापरत होतो. मी म्हणाले, "एकशे वीस, ऐंशी."

मॅडमनी स्वतः मोजून दाखवला. एकशे साठ, शंभर. गोळी सुरू होती त्यांना.

"एकशे वीस, ऐंशी भावजींचा असतो," त्या म्हणाल्या. "मी सही केली, तर उद्या कुणीतरी तुमचा आकडा खरा मानून घरी जाईल. इंगळे, तुम्ही हुशार आहात. म्हणूनच मला तुमची जास्त भीती वाटते."

मग त्यांनी एक पत्र पुढे ठेवलं. शहरातल्याच एका सरकारी प्रसूतिगृहात आणि हडपसरपलीकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात बत्तीस मुलींना रोज सकाळी येऊ द्यावं, असा अर्ज होता. खाली दोन्हीकडची मंजुरी. वह्या परत केल्या त्याच दुपारी त्या स्कूटर घेऊन तिकडे गेल्या होत्या. परीक्षेच्या अर्जाला दोन महिने होते. मॅडमनी दिवस मोजूनच नकार दिला होता.

समिती आली तेव्हा त्यांनी अर्ध्या कोऱ्या वह्या पुढे केल्या आणि काम अपुरं आहे, सोमवारपासून सुरू होतंय, असं सरळ सांगितलं. कॉलेजला कडक शेरा मिळाला. प्राचार्य त्यानंतर त्यांच्याशी कामापुरतंही धड बोलले नाहीत.

पुढचे सात आठवडे आम्ही पहाटे उठून बस पकडली. मॅडम आमच्याआधी हजर असायच्या. आम्ही ओल्या चादरी बदलल्या, कळा देणाऱ्या बायांचे हात धरले, शिव्या खाल्ल्या. पाचव्या आठवड्यात एक गरोदर बाई तपासणीला आली, डोकं दुखतंय म्हणत होती. बटणाच्या यंत्रावर आकडा ठीक होता. मला तिच्या सुजलेल्या पायांकडे बघून राहवेना. मी तबकडीचं यंत्र आणलं आणि दोनदा मोजलं. खूप जास्त होता. मॅडमना बोलावलं. त्यांनी मोजला, डॉक्टरांकडे निरोप धाडला, आणि तासाभरात त्या बाईला मोठ्या रुग्णालयात हलवलं. बाई वाचली, मुलगीही. मॅडम मला फक्त "बरोबर" म्हणाल्या आणि माझ्या वहीत त्या ओळीपुढे सही केली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

आम्ही सगळ्या परीक्षेला बसलो. दोघी सोडून पास झालो. त्या दोघींना मॅडमनी पुढच्या खेपेसाठी घरी बोलावून शिकवलं. निवृत्तीनंतर ट्यूटरना दोन वर्षं वाढवून द्यायची कॉलेजात रीत होती. मॅडमना ती मिळाली नाही. त्याबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी काही ऐकलं नाही.

पुढे मीही ट्यूटर झाले, दुसऱ्या कॉलेजात. मॅडमची किडनी बिघडली आणि त्यांना दाखल केल्याचं कळलं, तेव्हा भेटायला गेले. शिकाऊ मुलगी सलाइन लावायला आली होती. मॅडमचे हात काळेनिळे झालेले. तिनं दोनदा सुई टोचली, दोन्ही वेळा शीर हुकली. तिच्या कपाळावर घाम आला. बरोबर कुणी ट्यूटर नव्हती. मी पर्स खाली ठेवली आणि तिला म्हणाले, "बाजूला हो, मी लावते."

मॅडमनी दुसऱ्या हातानं मला थांबवलं.

"तुम्हाला येतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त त्यांच्या शेजारी उभ्या राहा."

मी उभी राहिले. कोपराखाली उशी सरकवली, शीर कुठे आहे ते बोटानं दाखवलं. तिसऱ्यांदा सुई आत गेली. मॅडमनी डोळे मिटलेलेच ठेवले होते; चेहऱ्यावर एक रेषही हलली नाही. पट्टी चिकटवून झाल्यावर त्या मुलीला म्हणाल्या, "आता तारीख, वेळ लिहा. आणि खाली तुमचं नाव."

चार दिवसांनी मॅडम गेल्या.

त्याच महिन्यात आमच्या कॉलेजात नव्या वेळापत्रकाची बैठक झाली. लॅबचे तास वाढणार होते, आणि ट्यूटरनी वॉर्डात जायची आता फारशी गरज नाही, असं ठरत आलं होतं. लॅबला मी विरोध केला नाही. फक्त माझ्या नावापुढचे सकाळचे सगळे लॅबचे तास खोडून मी तिथे 'वॉर्ड' लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.