खुंटीच्या चारशे बारा आवडीनिवडी

ऑफिसात त्याला सगळे खुंटी म्हणत. अकरा वर्षं एकाच भिंतीला चिकटलेला, आणि ज्याला जे काम नकोसं होईल ते त्याने याच्यावर अडकवून मोकळं व्हावं! शहराच्या बसगाड्यांचं वेळापत्रक जुळवणारा प्रोग्राम त्याच्या ताब्यात होता. खरं सांगायचं तर तोच त्या प्रोग्रामच्या ताब्यात होता. वरच्या मजल्यावर नकाशे बनवणारी मंडळी बसत. मोठ्या खिडक्या, ताजं काम. तिकडच्या बदलीसाठी याने दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा नकार आला. तिसऱ्यांदा मात्र साहेब म्हणाले, "जा बाबा. पण तुझ्या जागी येणाऱ्या बाईंना तुझी मेमरी देऊन जा. शुक्रवारपर्यंत त्यांना एकटीने जमलं, तर सही करतो."

मेमरी म्हणजे डोक्यातली नव्हे हं. दोन वर्षांपूर्वी ऑफिसात कोड लिहिणारा एआय असिस्टंट आला. त्याला आपल्या आवडीनिवडी सांगाव्यात, त्याने फाईलीत टिपून ठेवाव्यात. इतरांच्या पाच-दहा ओळी झाल्या. खुंटीच्या झाल्या चारशे बारा! घरात तोंडाला कुलूप असलेला हा गडी तिथे पार मोकळा व्हायचा.

रविवारी ती फाईल बायकोच्या हाती लागली. ती लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या रक्तातले दोष शोधणारी. तिच्या नजरेतून काय सुटणार?

"'बायकोचा फोन आला, की पाच मिनिटांनी महत्त्वाच्या कामाची आठवण कर.' अस्सं! काल सहा मिनिटं बोललास, तेव्हा मला वाटलं, आज प्रेम फारच उतू चाललंय."

"अगं, ती जुनी ओळ आहे."

"आणि ही? 'साहेबांचा अहवाल तीन ओळींत. चौथी ते वाचत नाहीत, म्हणून खरं काय ते चौथीत लिही.'" हसता हसता ती थबकली. "अरे, हे त्यांनी पाहिलं तर?"

झालं! जेवणाच्या टेबलावर बसून खुंटीने दोन संध्याकाळी साफसफाई केली. बायको काढली, साहेब काढले, कॅन्टीनची कॉफी काढली, करकरणारी खुर्ची काढली. उरल्या नव्वद ओळी, एकदम सभ्य.

बुधवारी त्याच्या जागी येणाऱ्या बाई ती फाईल घेऊन कामाला बसल्या. चष्मा दोरीने गळ्यात, आणि कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी गेल्याशिवाय न उठणाऱ्या. सात नंबरच्या मार्गाचा वेडावाकडा कोड पाहून असिस्टंटला हुरूप आला, त्याने तो झाडूनपुसून सरळ केला. चाचणी लावली, तर पडद्यावरच्या एकतीस बसगाड्या एकाच थांब्यावर येऊन उभ्या!

"अहो," बाई म्हणाल्या, "या सगळ्या इथे गप्पा मारायला जमल्यात का?"

खुंटीचा चेहरा पडला. त्याने काढलेल्या ओळींत एक अशी होती: 'सात नंबरला हात लावू नकोस, माझं डोकं आधीच दुखतंय.' कुरकुर समजून खोडली, आणि तिच्यावरच अर्धं वेळापत्रक तोललेलं निघालं. आता खोडलेल्या बाकीच्या तीनशे एकवीस ओळींत कुरकुर कुठली आणि टेकू कुठला? त्याचं त्यालाच सांगता येईना.

गुरुवारी त्याने सात नंबरचा जुना कोड आणि लाज गिळून अख्खी फाईलही परत ठेवली. दिवसभर बसगाड्या शहाण्यासारख्या धावल्या. बाईंनी त्याला एकदाही हाक मारली नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, "कॉफीबद्दल तुमचं मत अगदी बरोबर आहे. बाकी मी काहीच वाचलं नाही, असं समजा." खुंटीने कप आणि चार्जर खोक्यात भरले.

शुक्रवारी साहेबांनी बोलावलं. समोर फाईल उघडी. खुंटीचे कान तापले.

"रागावलो नाहीये," साहेब म्हणाले. "चौथी ओळ मी वाचत नाही, हे खरंच आहे. म्हणून काल बसून वाचल्या. दोन वर्षांच्या, सगळ्या."

त्यांनी कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. जवळजवळ प्रत्येक अहवालाची चौथी ओळ एकच होती: 'हे तात्पुरतं आहे. मी जागेवर आहे तोवर चालेल.'

"आता तूच सांग, तुला जागेवरून हलवू कसा?"

"पण साहेब, बाईंना जमलं की काल!"

"काल काही बिघडलं नव्हतं. बिघडल्यावर काय करायचं, ते या फाईलीत कुठे आहे?"

कुठेच नव्हतं. 'करू नकोस' शंभरदा लिहिलेलं, 'का' एकदाही नाही. तो लिहून काढतो म्हणाला, महिनाभर थांबा म्हणाला. पण वरची मंडळी थांबायला तयार नव्हती, ती जागा सोमवारी भरायची होती. ती बाईंना मिळाली.

खुंटी भिंतीपाशी परतला. कप खोक्यातून काढून जुन्याच डागावर ठेवला. मग तिरमिरीत टाइप केलं: 'यापुढे माझ्यासमोर वरच्या मजल्याचं नाव काढायचं नाही.'

"लक्षात ठेवलं," असिस्टंटने तत्परतेने कळवलं. "ही तुमची चारशे तेरावी आवड."

एवढ्यात बायकोचा फोन. "झाली का रे सही?"

त्याने सगळं सांगायला सुरुवात केली. बाई, गठ्ठा, चौथी ओळ. इतकं सलग तो तिच्याशी कित्येक दिवसांत बोलला नव्हता. तीही मध्ये न बोलता ऐकत होती. आणि पडद्यावर टिंग वाजलं: 'तुम्हाला महत्त्वाचं काम आहे.'

"पाच मिनिटं झाली वाटतं," ती म्हणाली.